नीटचा पेपर मराठीतून द्यावा की इंग्रजीतून? जीवशास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर

मावसभावाचा परवा फोन आला. "दादा, अर्जात पेपरची भाषा विचारतायत. मराठी टाकू का?" त्याची दहावी माझ्यासारखीच गावातल्या मराठी शाळेत झालेली, अकरावी-बारावी लातूरला. मी नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, दोनदा दिली आहे, २०२२ ला मराठीतून आणि २०२३ ला इंग्रजीतून. तरी फोनवर त्याला पटकन उत्तर देता आलं नाही. नंतर बसून त्याला जे सांगितलं तेच इथं मांडतो, कारण हा प्रश्न मराठी शाळेतून आलेल्या प्रत्येकाला पडतो.

बऱ्याच घरांत वाटतं की मराठी निवडली म्हणजे इंग्रजी हातची गेली. तसं नाही. मराठी निवडणाऱ्याला प्रश्नपुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही मिळतं, इंग्रजी निवडणाऱ्याला फक्त इंग्रजी. म्हणजे वरवर पाहिलं तर मराठी निवडण्यात तोटा काहीच नाही. मीही २०२२ ला नेमका हाच हिशेब केला होता.

आणि मराठीची बाजू खरोखर लंगडी नाही. जीवशास्त्र समजायला मराठीसारखी भाषा नाही, हे मी आजही म्हणतो. दहावीच्या पुस्तकात 'अर्धगुणसूत्री विभाजन' वाचलं की गुणसूत्रं निम्मी होणार हे शब्दातच कळतं. 'मायोसिस' या त्याच्या इंग्रजी नावातून काहीच कळत नाही, तो घोकावा लागतो. प्रतिलेखन, भाषांतरण, परपरागण, सगळ्यांचं तसंच. बारावीत 'ट्रान्सक्रिप्शन'चा, म्हणजे प्रतिलेखनाचा धडा सुरू झाला तेव्हा वर्गात इंग्रजी शाळेतल्या मुलांपेक्षा मला तो लवकर उमगला, कारण 'प्रती'वरून 'लेखन' हे डोक्यात आधीच बसलेलं होतं. कथन आणि कारण असे दोन भाग असलेले प्रश्नही मराठीत सोपे जातात. दोन्ही बरोबर आहेत पण कारण हे कथनाचं स्पष्टीकरण नाही, हा पर्याय मराठीत एका वाचनात कळतो. इंग्रजीत मी तो सुरुवातीला तीन-तीनदा वाचायचो. आणि 'खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे' यातलं 'चुकीचे' नजरेतून सुटत नाही. इंग्रजीतला 'नॉट' माझ्याकडून सराव पेपरांत कितीदा तरी सुटला.

मग अडलं कुठे? अडलं डोळ्यापाशी.

अकरावीला विज्ञान घेतलं की शिकणं सगळं इंग्रजीत होतं. बोर्डाचं पुस्तक इंग्रजी, आणि नीटसाठी ज्याच्या ओळीन् ओळी पाठ करायच्या ते एनसीईआरटीचं, म्हणजे केंद्रीय अभ्यासक्रमाचं पुस्तक मला मराठीत कधी मिळालं नाही. दोन वर्षं मी ते इंग्रजीतच वाचलं, पिवळ्या पेननं रंगवलं, समासात मराठी अर्थ लिहिले. नीटमधल्या जीवशास्त्राच्या प्रश्नांत एनसीईआरटीचीच वाक्यं थोडीफार फिरवून येतात, हे तयारी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आठवतं ते वाक्य आणि त्याची पानावरची जागा. तेच वाक्य समोर मराठीत आलं की जागा सापडत नाही. अर्थ कळतो, पण 'हे मी वाचलंय' ही खूण पटत नाही.

बीजकविन्यासाचंच घ्या, म्हणजे फुलाच्या अंडाशयात बीजकं कशी मांडलेली असतात ते. इंग्रजीतलं प्लॅसेंटेशन मला प्रकार आणि उदाहरणांसकट चोख पाठ होतं: मार्जिनल म्हणजे वाटाणा, पराइटल म्हणजे मोहरी आणि आर्जिमोन, ॲक्साइल म्हणजे जास्वंद, टोमॅटो, लिंबू, फ्री सेंट्रल म्हणजे डायअँथस, बेसल म्हणजे सूर्यफूल, झेंडू. एका सराव पेपरात जोड्या लावायला आल्या आणि त्यात 'तटलग्न' होतं. तट म्हणजे काठ, काठ म्हणजे मार्जिन, असं धरून मी बेधडक वाटाण्याशी जोडलं. परिभाषेत तटलग्न म्हणजे पराइटल. चार गुण गेले, वर एक वजा. शब्द मराठी आहे म्हणून मला तो येतो, असं मी गृहीत धरलं होतं. खरं तर ती परिभाषा मी कधी शिकलोच नव्हतो.

असं दोन-चारदा झालं की विश्वास उडतो. मग मराठी प्रश्न वाचायचा आणि खात्रीसाठी इंग्रजीकडे बघायचं, पुन्हा मराठीकडे यायचं. सूक्ष्मजीवांच्या जोड्या असतील तर विचारूच नका. 'मोनॅस्कस पर्प्युरिअस', 'ट्रायकोडर्मा पॉलीस्पोरम' ही नावं देवनागरीत मला अक्षर अक्षर लावून वाचावी लागायची. रोमन लिपीत तीच नावं चेहऱ्यासारखी ओळखू येतात: पहिल्यापासून स्टॅटिन हे औषध मिळतं, दुसऱ्यापासून सायक्लोस्पोरिन-ए. दोन भाषा मिळाल्या ही सोय मानली होती, पण मी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचत होतो. एका प्रश्नामागे पाच-सहा सेकंद जास्त धरले तरी जीवशास्त्राच्या ९० प्रश्नांत साडेसात ते नऊ मिनिटं होतात. १७ जुलै २०२२ च्या दुपारी मी पेपर दिला तेव्हा वेळ २०० मिनिटांचा होता, तरी माझे भौतिकशास्त्राचे बरेच प्रश्न हातच न लागता राहिले. २०२५ पासून १८० प्रश्नांना १८० मिनिटंच आहेत. आता ही मिनिटं आणखी महाग झाली आहेत.

मराठीतून मला जीवशास्त्रात ३६० पैकी २५१ मिळाले, पुढच्या वर्षी इंग्रजीतून ३२२. सगळा फरक भाषेचा होता असं मी म्हणणार नाही. मधे एक अख्खं वर्ष गेलं, उजळणी झाली, आकृत्या पक्क्या झाल्या. पण ७ मे २०२३ ला जीवशास्त्र ५० मिनिटांत उरकलं होतं आणि कुठे मागे वळून बघावं लागलं नव्हतं, एवढं मात्र मला ठामपणे सांगता येतं.

भाषांतरात गोंधळ झाला तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरतात, हेही ध्यानात ठेवा. २०१८ ला तमिळ पेपरातल्या ४९ प्रश्नांच्या भाषांतरावरून मद्रास उच्च न्यायालयानं १९६ गुण द्यायला सांगितले होते, पण तो निकाल सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. शिवाय मराठी पुस्तिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच असते. शिकवणीसाठी राजस्थानात कोटा शहरात राहून तिथलंच केंद्र घेणाऱ्याचा प्रश्न तिथेच संपतो.

तरी काहींनी मराठीच घ्यावी असं मला मनापासून वाटतं. इंग्रजी उतारा वाचताना ज्याला अजून धाप लागते, ज्यानं अकरावीपासून मराठी परिभाषा वहीत नीट उतरवून ठेवली आहे, किंवा ज्याला मराठी ओळ दिसली की जीव शांत होतो, त्यानं माझ्या गुणांकडे बघून बदलू नये. तीन तास डोकं थंड राहणं ही मोठी गोष्ट आहे.

भावाला मी एक काम दिलं. जुनी मराठी पुस्तिका छापून घे, घड्याळ लावून सोडव, आणि ज्या प्रश्नात नजर इंग्रजीकडे जाईल तिथे पेन्सिलनं बारीक रेघ ओढ. हे मी स्वतः पहिल्या निकालानंतर केलं होतं. तेव्हा जीवशास्त्राच्या ९० पैकी ६१ प्रश्नांपुढे रेघा होत्या. त्याच्या रेघा रविवारी मोजल्या: जीवशास्त्रात ५८, भौतिकशास्त्रात ४५ पैकी फक्त ११. म्हणजे भौतिकशास्त्राची गणितं तो मराठीच्याच आधारानं सोडवत होता. भाषा मात्र तिन्ही विषयांना मिळून एकच निवडायची असते, आणि निम्मा पेपर जीवशास्त्राचा आहे.

त्यानं इंग्रजी टाकलं. आता रोज रात्री भौतिकशास्त्राची दहा गणितं इंग्रजीतून नुसती वाचतो आणि अडलेला शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो. काल फोटो पाठवला होता. पहिल्याच ओळीत 'लाइट स्ट्रिंग' होतं आणि पुढे त्याच्या अक्षरात: 'उजेड नाही. दोरीचं वजन धरायचं नाही.'