‘जीपीएस बसवला, आता चिंता नाही’: नागपुरात बाहेर गाडी लावणाऱ्यांची फसवणूक कशी होते

महाल-इतवारीच्या गल्ल्यांत घरांना अंगण नाही. मानेवाडा-बेसाकडच्या कित्येक फ्लॅट स्कीममध्ये पार्किंग नकाशावर आहे, जागेवर नाही. मेडिकल किंवा मेयोत पेशंट भरती असला की नातेवाइकाची गाडी रात्रभर फाटकाबाहेर उभी राहते. अशा दुचाकीवाल्यांना चोरीची धास्ती असते आणि त्याच धास्तीवर एक धंदा चालतो. जीपीएस, सायरन आणि इंजिन लॉक एकाच किटमध्ये, ‘लाइफटाइम, रिचार्ज नाही, सरकारमान्य’. दीड-दोन हजार रुपये द्या, अर्ध्या तासात बसवून घ्या. बिल मागितलं तर कार्डाच्या मागे पेनाने लिहिलेला आकडा मिळतो.

पैसे जातात ते जातातच, पण मोठं नुकसान त्यानंतरचं आहे. किट बसवलं की माणूस साखळी घरी ठेवतो. काल दोन कुलपं लावून उभी असलेली गाडी आज नुसत्या हँडल लॉकवर उभी राहते. चोराला सोपी गाडी हवी असते, आणि ती त्याला या किटवाल्याने करून दिलेली असते.

आधी दुकानातला डेमो समजून घ्या. ॲप उघडतात, नकाशावर दुकानाच्या जागी ठिपका दिसतो, गिऱ्हाईक समाधानी होतं. पण तो ठिपका कुठून आला? स्वस्त डब्यांपैकी काहींत उपग्रहाचा सिग्नल घेणारी चिप नसतेच. आत फक्त सिम असतं आणि जवळच्या मोबाइल टॉवरवरून जागेचा अंदाज काढलेला असतो. हा अंदाज शहरात काहीशे मीटरने आणि शहराबाहेर कित्येक किलोमीटरने चुकतो. काही ॲप तर तुमच्याच फोनचं लोकेशन दाखवतात. खरा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ ते १० मीटरच्या आत जागा दाखवतो.

तपासणी अवघड नाही. पैसे देण्याआधी फोनचं लोकेशन बंद करा आणि मित्राला गाडी घेऊन कस्तुरचंद पार्कपासून झिरो माइल आणि संविधान चौकाकडे एक फेरी मारायला सांगा. तुम्ही दुकानातच थांबा. ठिपका रस्त्याने सरकत, वळणं घेत गेला तर चिप आहे. एका जागी चिकटून राहिला, किंवा इथून एकदम तिथे उडाला, तर तो टॉवरचा अंदाज आहे. दुकानदार ‘नेटवर्क स्लो आहे, घरी गेल्यावर दिसेल’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

‘लाइफटाइम’ शब्दाचा अर्थही विचारून घ्या. डब्यात सिम आहे म्हणजे त्याचा डेटा कुणीतरी भरतं आहे. बहुतेक वेळा सिम विक्रेत्याच्या नावावर असतं आणि आधीच भरलेली मुदत संपली की डबा मुका होतो. ॲपवर मात्र शेवटचं ठिकाण दिसत राहतं. गाडी चोरीला गेल्यावर मालक ॲप उघडतो आणि त्याला गाडी घरासमोरच उभी दिसते, कारण सिम कधीचंच बंद पडलेलं असतं. म्हणून बिलावर डबा बनवणाऱ्याचं नाव, आयएमईआय क्रमांक (डब्याचा स्वतःचा ओळख क्रमांक), सिम कुणाच्या नावावर आहे आणि सेवेची शेवटची तारीख या चारही गोष्टी लिहून घ्या. आणि आठवड्यातून एकदा ॲपमध्ये ‘शेवटचा संपर्क’ किती वाजताचा आहे ते बघा.

‘सरकारमान्य’ म्हणून जो एआयएस-१४० चा शिक्का दाखवतात, ते मानक बस, टॅक्सी अशा प्रवासी वाहनांसाठी आहे. दुचाकीला ते लागूच नाही. ‘विम्यात मोठी सूट मिळेल’ हे असंच दुसरं आमिष. चोरीविरोधी यंत्रासाठीची सूट सहसा ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी भरून देणारा विम्याचा भाग) हप्त्याच्या २.५ टक्के, कमाल ५०० रुपये, आणि तीही एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्यता दिलेल्या यंत्रालाच. ओन डॅमेजचा हप्ता १,००० रुपये असेल तर सूट होते २५ रुपये.

आता जोडणी. इथे फसवणूक धोक्यापर्यंत जाते. ‘इंजिन लॉक’ म्हणजे इग्निशनच्या वायरीत घातलेला एक रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच. चांगल्या किटमध्ये तो गाडी थांबल्यावर किंवा अगदी कमी वेगातच लागतो. हलक्या किटमध्ये असं काही बंधन नसतं. रिलेचा संपर्क सैल झाला किंवा पावसाचं पाणी आत शिरलं की वर्धा रोडवर चालती गाडी ट्रकच्या पुढ्यात बंद पडू शकते. वायर तोडून, पिळून, वर काळी टेप गुंडाळलेली जोडणी कधीच मान्य करू नका. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीवर त्या टेपचा गोंद विरघळतो, टेप सुटते आणि तांबं उघडं पडतं. सोल्डर केलेला जोड, त्यावर हीट-श्रिंक नळी आणि डब्याच्या पॉझिटिव्ह वायरीला स्वतंत्र फ्यूज, एवढं हवंच. नवी गाडी असेल तर कंपनीच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. वायरिंगची वॉरंटी यावरून नाकारली जाते.

बॅटरीचा हिशोबही कुणी सांगत नाही. १०० ते १२५ सीसी गाड्यांची बॅटरी साधारण ३ ते ५ अँपिअर-अवरची असते. गाडी उभी असताना डबा १० मिलीअँपिअर खात असेल तर आठवड्याला सुमारे १.७ अँपिअर-अवर जातात. दिवाळीत पंधरा दिवस गावी गेलात तर ३ अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण बसते आणि डबाही बंद. डब्याचा झोपेतला (स्टँडबायचा) प्रवाह किती हे विचारा, किंवा इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटर सीरिजमध्ये लावून मोजून घ्या. २-३ मिलीअँपिअरपर्यंत असेल तर ठीक.

एवढं सगळं बरोबर असलं तरी इंजिन लॉक गाडी ढकलून नेणाऱ्याला अडवत नाही. हँडल लॉकची आतली पिन लहान असते. हँडलला जोराचा झटका दिला की ती मोडते किंवा तिची खाच फाटते. पुढे एक जण गाडीवर बसतो आणि दुसरा मागच्या गाडीवरून पाय लावून ढकलत नेतो. इंजिन सुरू करायची गरजच पडत नाही. जुन्या एसी-सीडीआय गाड्यांत (सीडीआय म्हणजे प्लगला ठिणगी देणारा डबा) तर चावी बंद असणं म्हणजे सीडीआयची एक वायर अर्थ झालेली असणं, इतकंच. हेडलाइटमागचा सॉकेट उपसला की ती अर्थ तुटते आणि गाडी किकने सुरू होते. अशा गाडीत ‘वायर कापून लॉक’ लावणारा मेकॅनिक चोराचंच काम करून ठेवतो. २०२० नंतरच्या बीएस-६ फ्युएल इंजेक्शन गाड्यांत ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाला १२ व्होल्ट मिळाल्याशिवाय इंजिन चालत नाही. तिथे पंपाच्या लाइनीत लपवलेला साधा स्विच खरोखर उपयोगी पडतो. जुन्या कार्ब्युरेटर गाडीत पेट्रोलचा कॉक बंद करून प्लगची कॅप खिशात घालून नेली तरी काम होतं, आणि पैसे शून्य.

गाडी जागची हलू नये यासाठी मात्र लोखंडच लागतं, आणि लोखंडातही फसवतात. बोटाएवढी जाड दिसणारी केबल विकत घेताना तिचं टोक बघा. प्लास्टिकच्या आवरणाखाली तार जेमतेम ६-८ मिलिमीटरची आणि बारीक धाग्यांची असते, साध्या कटरने तुटते. ‘हार्डन्ड’ असा ठसा कुठल्याही कुलपावर मारता येतो. हार्डवेअरच्या दुकानातून धारदार कानस घ्या आणि कुलपाच्या कडीवर एका कोपऱ्यात हलकी फिरवा. कानस घसरली तर पोलाद कडक आहे. तिने चावा घेतला आणि चमकदार रेघ पडली तर ते साधं लोखंड. कुलपाच्या अंगाला चुंबक लावा. चिकटलं नाही तर ते जस्ताचं ओतीव काम असू शकतं, आणि ते हातोड्याने फुटतं. सायरनवाल्या कुलपांत बटण सेल असतात. ते कधी संपले हे चोरीच्या रात्रीच कळतं, म्हणून दर महिन्याला कुलूप हलवून आवाज ऐका.

साखळी किमान १० मिलिमीटर जाडीच्या कड्यांची, चौकोनी किंवा षटकोनी कड्यांची असली तर आणखी बरी. वजन मीटरला दोन किलोच्या वर भरतं. हातात हलकी लागली तर ती १० मिलिमीटरची नाही. लावायची कशी, यात सगळी गोम आहे. नुसत्या पुढच्या चाकाला लावली तर चाक काढून बाकीची गाडी जाते. साखळी मागच्या चाकातून घ्या, स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) वळसा द्या आणि खांबाला किंवा जाड ग्रिलला बांधा. जमिनीवर लोळू देऊ नका, कारण जमिनीचा आधार मिळाला की कटरच्या एका दांड्यावर पूर्ण अंगाचं वजन टाकता येतं आणि हातोड्याचा घावही पक्का बसतो. साखळी ताणलेली, अधांतरी, कुलपाचं तोंड खाली. खांब आधी हलवून पाहा. नो पार्किंगचे कित्येक खांब चार बोल्टवर उभे असतात आणि बुटकेही असतात; साखळीसकट गाडी वरून काढता येते. खांब नसेल तर शेजाऱ्याची गाडी आणि तुमची गाडी एकाच साखळीत मागच्या चाकाला बांधा. दोन गाड्या एकत्र उचलून टेंपोत घालणं फार कठीण.

स्वतःचं घर असेल तर जमिनीत अँकर बसवा. एम १२ चे अँकर बोल्ट काँक्रीटमध्ये सुमारे १०० मिलिमीटर खोल. पेव्हर ब्लॉकवर बसवलेला अँकर ब्लॉकसकट निघतो, आणि बसवून देणारे हेच करून पैसे घेऊन जातात, म्हणून ड्रिल चालू असताना स्वतः उभे राहा. ॲलन-की बोल्ट असतील तर त्यांच्या खाचेत योग्य मापाची सायकलच्या बेअरिंगची गोळी ठोकून बसवली की पाना लागत नाही. डिस्क लॉक हा दुसरा अडथळा म्हणून उत्तम. हँडलला आठवणीची दोरी बांधल्याशिवाय वापरू नका. कुलूप विसरून गाडी पुढे नेली की कॅलिपर आणि डिस्क दोन्हींचा खर्च येतो, पडायचा धोका वेगळाच.

बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे कुठलीही साखळी कायम टिकत नाही. म्हणून उजेडाची, वर्दळीची, कॅमेऱ्यासमोरची जागा निवडा. सीताबर्डीच्या बाजारात कुणी हातात पावती देऊन पैसे घेतो म्हणून गाडी राखली जाते असं समजू नका. पावतीवर ठेकेदाराचं नाव, गाडीचा क्रमांक आणि वेळ नसेल तर तो माणूस कोण, हे संध्याकाळी कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी फसवणूक चोरीनंतर होते, आणि ती जास्त क्रूर आहे. मालक घाबरून आरसीचा फोटो, इंजिन-चेसिस क्रमांक आणि मोबाइल नंबर सगळ्या ग्रुपवर टाकतो. एक-दोन दिवसांत फोन येतो: ‘गाडी मिळाली आहे, मध्य प्रदेशच्या हद्दीत आहे, टोइंगचे आणि दंडाचे पाच हजार आत्ता टाका, नाहीतर भंगारात जाईल.’ फोन करणारा कधी स्वतःला पोलीस म्हणवतो, कधी ट्रान्सपोर्टवाला. गाडीचा रंग, क्रमांक, मालकाचं नाव तो बरोबर सांगतो, कारण ते तुमच्याच पोस्टमध्ये होतं. खरी जप्त गाडी यूपीआयवर सुटत नाही. न्यायालयाच्या आदेशाने सुपुर्दनाम्यावर (ताबा घेताना दिलेल्या हमीपत्रावर) मिळते. म्हणून चेसिस क्रमांक कुठेही टाकू नका, आणि असा फोन आला की फक्त त्या क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे विचारा. गाडी समोर असलेल्याला ते वाचता येतात. उत्तर काहीही आलं तरी पैसे न पाठवता तो नंबर तपास अधिकाऱ्याला द्या. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. ‘तुमच्या गाडीचं चलान’ म्हणून आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) उघडू नका. चलान बघायचं तर राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिनचे शेवटचे चार आकडे टाकून बघा. ते रोज बघाच, कारण चोरलेली गाडी कॅमेऱ्यात सापडली तर चलानावर चौक, वेळ आणि फोटो येतो.

चोरी कळताच ११२ वर कळवा आणि त्याच दिवशी एफआयआर नोंदवा. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे. तक्रार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. साध्या अर्जावर शिक्का घेऊन परत येऊ नका, विमा कंपनी एफआयआर मागते. विमा कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवा. एफआयआर वेळेत असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे, पण त्यावर वर्षभर भांडण्यापेक्षा ईमेल बरा. तपास लागला नाही तर पोलीस न्यायालयात ‘अ’ समरी (चोरी खरी, पण चोर सापडला नाही असा अहवाल) पाठवतात. त्याची प्रत दाव्याला लागते. दोन्ही मूळ चाव्याही लागतात. एक चावी गॅरेजमध्ये विसरली असेल तर आजच आणा, आणि सर्व्हिसिंगला देताना चावीच्या जुडग्यातून साखळीची चावी काढून घ्या.

किटवाल्याविरुद्ध तक्रार करायची तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण बिल हवं.

विम्याच्या कागदावर शेवटी एक गोष्ट तपासा, कारण इथेही पुष्कळ लोक फसतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. शोरूममध्ये ‘पाच वर्षांचा इन्शुरन्स झाला’ एवढंच सांगतात. चोरीची भरपाई देणारा ओन डॅमेज भाग मात्र बहुतेक पॉलिसींत एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी गाडी गेली की थर्ड पार्टीतून एक रुपयाही मिळत नाही. पॉलिसीवर ओन डॅमेजपुढची तारीख वेगळी छापलेली असते. ती उलटून गेली असेल तर नूतनीकरणाला कंपनी गाडीची तपासणी मागू शकते, त्यामुळे मुदत संपायच्या आठवडाभर आधीच हप्ता भरा आणि आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) बाजारभावाच्या जवळ आहे ना, तेही त्याच वेळी पाहून घ्या.