लाल खुणांच्या आड बदललेला करार

बेळगावच्या उद्यमबागेत आमचे लहानसे मशीनशॉप आहे. पंपांचे सुटे भाग घेणाऱ्या बाहेरगावच्या एका कंपनीशी वार्षिक पुरवठ्याचा करार करताना आमची जी फसवणूक झाली, ती मच्छे, खानापूर, निपाणी भागातील लहान कारखानदारांच्या कानावर असावी म्हणून हे लिहीत आहे.

घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि करार इंग्रजीत, अशी आपल्याकडची तऱ्हा असल्यामुळे मसुदा आम्ही वकिलांकडून दुरुस्त करून घेतला होता. माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असे धरायचे, पैसे 45 दिवसांत द्यायचे आणि वाद बेळगावच्या न्यायालयात चालवायचा, असे ठरले. यातील पहिल्या दोन अटी लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याला धरूनच होत्या.

पुढे कंपनीकडून अंतिम मसुदा आला आणि सोबत तुलना करणाऱ्या सॉफ्टवेअरने काढलेला अहवालही आला. त्यात पत्ता, जीएसटी क्रमांक, एक-दोन ड्रॉइंगचे क्रमांक एवढेच लाल दिसत होते. ‘याखेरीज कोणताही बदल नाही’ असे मेलमध्ये लिहिले होते. खरेदी विभागाच्या साहेबांनी फोनवरही सांगितले, ‘मालक, लाल तेवढं बघा की, बाकी सगळं जुनंच आहे.’ सह्या झाल्या.

काही महिन्यांनी, पंपात बसवून झालेले भाग नापास ठरवून त्यांनी थेट डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून रक्कम वजा केल्याची चिठ्ठी पाठवली. सही केलेल्या प्रतीत 15 दिवसांच्या जागी पंप ग्राहकाकडे चालू झाल्यानंतरची सहा महिन्यांची मुदत होती, 45 दिवस त्यांच्या तपासणी प्रमाणपत्रापासून मोजायचे होते आणि न्यायालय त्यांच्या गावचे होते.

सॉफ्टवेअर खोटे बोलले नव्हते. त्याला ज्या दोन फाइली द्याल त्यांतील फरक ते दाखवते, जुनी म्हणून दिलेली फाइल खरोखर जुनी आहे की नाही हे त्याला कळत नाही. कंपनीने आमच्याच मसुद्याच्या प्रतीत हे तिन्ही बदल आधी घुसवले, फाइलचे नाव तसेच ठेवले आणि तिलाच ‘जुनी’ म्हणून तुलनेला लावले. वर्डमधील ट्रॅक चेंजेसचेही तसेच आहे. ते बंद करून केलेला बदल लाल होत नाही.

म्हणून समोरच्याने काढलेला अहवाल कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवावा. आपण शेवटची पाठवलेली फाइल आपल्याच मेलच्या ‘सेंट’मधून काढावी आणि वर्डच्या ‘रिव्ह्यू’मधील ‘कम्पेअर’मध्ये ती मूळ व त्यांची सुधारित म्हणून लावावी. तिथे तक्ते आणि तळटिपा तुलनेत घेण्याच्या चौकटींवर टिक ठेवावी, कारण दर आणि मुदती बहुधा तिथेच दडतात. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसते चित्र असते, तेव्हा वर्ड फाइलच मागावी. देणार नाही म्हणाले, तर तेवढ्यावरून काय ते ओळखावे. कन्नड भाडेकराराची एक प्रत नुडी या जुन्या कन्नड फॉन्टमध्ये आणि दुसरी युनिकोड या आजच्या सर्वमान्य लिपी-संकेतात असेल, तर दोन्ही युनिकोडमध्ये आणल्याशिवाय तुलना निरर्थक ठरते. ई-स्टॅम्पवर छापून आलेला कागद मात्र तपासलेल्या फाइलशी ताडून, पान अन् पान डोळ्यांनीच वाचावा लागतो.

आमच्या वकिलांच्या मते, 1872 च्या करार कायद्यातील कलम 19 नुसार फसवून संमती घेतलेला करार रद्द करवता येतो. मात्र माहिती नुसती दडवली असेल आणि साधी काळजी घेऊन ती कळण्यासारखी असेल, तर त्याच कलमातील अपवाद आडवा येतो. त्यामुळे ‘याखेरीज कोणताही बदल नाही’ हे लेखी विधान आमच्या बाजूने सर्वांत वजनदार ठरते, कारण ते मौन नसून सरळ खोटे सांगणे आहे. तो मेल आणि दोन्ही फाइली मूळ स्वरूपात जपून ठेवल्या आहेत, कारण 2023 च्या साक्ष्य अधिनियमातील कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्रात त्यांचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेला तिचा ठसा, द्यावे लागते आणि छापील प्रतीवरून ते निघत नाही.