कॅम्पातल्या थडग्यावरच्या बाईचं माहेर: जीआरओची सूची कितपत कामाची?

बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या थडग्यांवर इंग्रज बाईची ओळख बहुधा नवऱ्यावरूनच असते: अमक्या पलटणीतल्या सार्जंटची बायको, वय इतकं. माहेरच्या आडनावाचा पत्ता नसतो, आणि त्याशिवाय तिचे आईवडील सापडत नाहीत. या कामाला इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसची, म्हणजे जीआरओची, जन्मनोंदींची ऑनलाइन सूची उत्तम आहे आणि फुकट आहे. पण ती दुसरी पायरी. तिथूनच सुरुवात केली तर हाती काही लागत नाही.

आधी लग्नाची नोंद शोधा. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, त्यामुळे इथल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला मुंबईमार्गे लंडनला जात. ब्रिटिश लायब्ररीत त्या ‘एन/३’ मालिकेत आहेत. ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या फिबिस या संस्थेच्या संकेतस्थळावर नावं फुकट चाळता येतात, पानांच्या प्रतिमा फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर पैसे भरून मिळतात. आज आपण कर्नाटकात आहोत म्हणून मद्रासची ‘एन/२’ उघडू नका. लग्नाच्या नोंदीत बऱ्याचदा वडिलांचंही नाव असतं. नवरीपुढे ‘विधवा’ लिहिलं असेल तर तिचं आडनाव पहिल्या नवऱ्याचं. इथे फार जण चुकतात. अशा वेळी वडिलांचंच आडनाव धरायचं.

आता जीआरओ. खातं उघडावं लागतं. आडनाव, लिंग आणि वर्ष दिल्याशिवाय शोध चालत नाही, आणि वर्षाला पुढेमागे दोनच वर्षांची सूट, म्हणजे एका खेपेला पाच वर्षं. थडग्यावर ‘३४व्या वर्षी’ असेल तर पूर्ण वय ३३ धरा. सूचीत वर्षाच्या चार तिमाह्या असतात, पण दिलेली तिमाही नोंदणीची असते, जन्माची नव्हे. डिसेंबरअखेर जन्मलेलं मूल पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडतं.

या सूचीचं मोल आहे ते आईच्या माहेरच्या आडनावाच्या रकान्यात. जीआरओच्याच आधीच्या सूचीत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून येतं, इथे थेट १८३७ पासून. पहिलं नाव रिकामं ठेवून वडिलांचं आणि आईच्या माहेरचं अशी दोन्ही आडनावं भरा आणि पाच-पाच वर्षांनी सरका, भावंडांची रांग उभी राहते. मुलगे आणि मुली मात्र वेगवेगळे शोधावे लागतात. रकाना रिकामा दिसला तर बहुधा लग्नाबाहेरचं मूल, सूचीतली चूक समजू नका.

उणिवा आहेत. लग्नं इथे नाहीतच, त्यासाठी फ्रीबीएमडी हे फुकट संकेतस्थळ. १८७५ पूर्वी जन्म नोंदवण्याची सक्ती ढिली होती, काही मुलं नोंदीतून सुटलेली आहेत. वडिलांचं नाव हवं तर जन्मनोंदीची प्रत विकत घ्यावी लागते. वंशावळीपुरती स्वस्त डिजिटल प्रत पुरे, ती लगेच पडद्यावर येते.

बाई १ जुलै १८३७ पूर्वी जन्मली असेल तर पॅरिशची, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतली, बाप्तिस्म्याची वही लागते, आणि त्यासाठी गाव कळायला हवं. ती इकडे असली तरी तिकडे राहिलेली भावंडं १८५१ च्या जनगणनेत बघा, त्यात जन्माचं पॅरिश असतं. १८४१ च्या जनगणनेत जन्म त्याच काउंटीतला (इंग्लंडातल्या जिल्ह्यातला) की नाही एवढंच कळतं, आणि पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवलेली.