श्रीनगर ते कारगिल शेअरिंग सुमो : पाचपैकी चार

मी एसटीत 31 वर्षं ड्रायव्हर होतो. त्यातली निम्मी कुंभार्ली घाटात गेली, कराड-चिपळूण करत. त्यामुळं दुसऱ्याच्या गाडीत बसलो की माझं लक्ष खिडकीबाहेर कमी आणि ड्रायव्हरच्या पायाकडं जास्त. बायको म्हणते, "रिटायर झालात, आता तरी डोंगर बघा." तर डोंगराचे फोटो बाकीच्यांनी भरपूर टाकलेत. मी गाडीबद्दल आणि ती चालवणाऱ्याबद्दल लिहितो.

द्रासचं कारगिल युद्धाचं स्मारक बघायचं हे बऱ्याच वर्षांपासून मनात होतं. आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी एकजण फौजेत. थोरला पुतण्या 1999 ला तिथंच होता, सुखरूप परत आला. जूनअखेरीला निघालो. निघायच्या आदल्या रात्री नातवानं मोबाईलवर जगातल्या सगळ्यात डेंजर रस्त्यांचा व्हिडिओ दाखवला. त्यात आमच्याच वाटेवरचा झोजिला होता आणि बोलिव्हियातला युंगासचा रस्ताही. आजी घाबरली. मला मात्र त्या युंगासमधली एक गोष्ट फार आवडली. त्या देशात गाडी उजवीकडून चालवतात, पण त्या रस्त्यावर डावीकडून. कारण स्टेअरिंग डाव्या हाताला असतं. मग दरीकडचं चाक कुठवर आलंय ते ड्रायव्हरला मान बाहेर काढून बघता येतं. हा नियम ज्यानं केला तो घाटात गाडी चालवलेला माणूस असणार. 2006 ला तिथं दुसरा रस्ता झाला, आता जुन्या रस्त्यावर पर्यटक सायकली घेऊन उतरतात म्हणे.

आपल्याकडं स्टेअरिंग उजव्या हाताला आणि गाडी डावीकडून. दरी डाव्या अंगाला आली की मागचं डावं चाक आरशात आणि अंदाजात. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

श्रीनगरहून पहाटे 5 ला निघालो. सीटला 1200 रुपये. तक्रार इथूनच सुरू. आदल्या दिवशी काउंटरवर "बीचवाली सीट पक्की" म्हणाले होते. सकाळी पाहतो तर मधल्या बाकावर चौघं बसलेली आणि आम्हा दोघा म्हाताऱ्यांना मागचा बाक. मी आवाज चढवायच्या आतच ड्रायव्हरनं दोन पोरांना उठवून मागं धाडलं. पस्तिशीचा असेल, कारगिलचा. काउंटरला शून्य, त्याला पूर्ण मार्क.

सोनमर्गच्या अलीकडचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी 2025 मध्ये सुरू झाला, त्यातून भुर्रकन बाहेर. सोनमर्गला गाड्यांची रांग. वर रस्ता अरुंद, म्हणून पोलीस एका बाजूचं ट्रॅफिक सोडतात आणि दुसरी बाजू अडवतात. आम्ही पावणेदोन तास थांबलो. बाकीचे कुरकुरत होते. मी उतरून टायर बघून घेतले. चारी चाकं चांगली, नक्षी शाबूत. स्टेपनी मात्र गोटा. नख लावलं तर घसरलं. ड्रायव्हरला म्हणालो, "भाईसाब, ये स्टेपनी तो टकला है." तो हसला. "अंकलजी, आप मेकॅनिक हो?" म्हणलं, "हम भी ड्रायव्हर है. एसटी. महाराष्ट्र." त्यानं दोन्ही हातांनी हात मिळवला आणि मला पुढची सीट दिली. पुढं बसलेला पोरगा गुपचूप मागं गेला.

झोजिला म्हणजे साडेअकरा हजार फूट. 'ला' म्हणजेच खिंड, म्हणून 'झोजिला पास' म्हणणं आपल्या 'लेडीज बायका'सारखं. सोनमर्गनंतर डांबर जातं ते परत लवकर येत नाही. चिखल, खडी, वरून वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहत दरीत. कठडा कुठं आहे, कुठं नुसते दगड रंगवून ठेवलेत. खाली बालटालला अमरनाथ यात्रेचे तंबू लागत होते, वरून नुसते रंगीत ठिपके. तिकडंच झोजिलाच्या बोगद्याचं काम चाललंय, तेरा-चौदा किलोमीटरचा. तो झाला की हा चढ चुकेल.

आता ड्रायव्हर. चढाला लागायच्या आधी त्यानं तीन गोष्टी केल्या. गाणी बंद. मोबाईल डॅशबोर्डच्या खणात. खिडकी पूर्ण खाली, एवढ्या थंडीत. मागून कुणीतरी काच लावायला सांगितली, त्यानं ऐकलंच नाही. खिडकी कशाला उघडी ते मला विचारायची गरज नव्हती. वळणापलीकडच्या गाडीचा आवाज ऐकू यायला पाहिजे, आणि वरनं खडे सुटले तर तेही आधी कानालाच कळतं.

पूर्ण चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरात. हाफ क्लचवर गाडी लोंबकळत ठेवणं एकदाही नाही. पुढच्या ट्रकपासून दोन गाड्यांचं अंतर, मागच्यानं कितीही हॉर्न मारू दे. कॅप्टन मोड म्हणून एक वाईट वळण आहे. त्याच्या जवळपास समोरून फौजेची गाडी आली. वन-वे असला तरी फौजेला कोण अडवणार? दरी आमच्या डाव्या हाताला. इथं मी श्वास धरला. आमचा गडी कडेला सरकलाच नाही. साठेक फूट मागं घेतली, रुंद जागा बघून डोंगराच्या अंगाला लावली आणि त्यांना कडेनं जाऊ दिलं. रिव्हर्स घेताना स्वतः खाली उतरून चिखल पायानं दाबून बघितला, मग गाडी. मधल्या बाकावरच्या पोरानं विचारलं, "थोडं पुढं घेतली असती तर बसली नसती का?" बसली असती. शंभरातल्या नव्वद वेळा बसली असती.

नाल्यात एक ट्रक रुतला होता, तिथं अर्धा तास. त्या वेळात त्यानं सांगितलं, 1948 ला पाकिस्तानशी लढताना याच वाटेनं जनरल थिमय्यांनी टँक चढवले. तारीख मला ठाऊक होती, 1 नोव्हेंबर. सेव्हन्थ कॅव्हलरीचे स्टुअर्ट टँक. सॅपर्सनी, म्हणजे फौजेच्या इंजिनिअरांनी, खेचरांची वाट रुंद केली आणि समोरच्याला कल्पना नसताना टँक खिंडीत. मी एवढंच बघत होतो की टँकच्या ड्रायव्हरला आमच्याएवढी खिडकीही नसते.

माथ्यावर झीरो पॉइंट. बर्फ, बर्फावरच्या स्कूटर, मॅगी, शंभर रुपयांचा चहाही मिळाला तर नवल नाही. गाडीनं 20 मिनिटं दिली, तेवढी पुष्कळ. सोनमर्गला कुणीतरी ऑक्सिजनचा डबा 850 ला बायकोच्या गळ्यात मारला होता. तो अजून पॅक आहे, कुणाला हवा असेल तर सांगा.

पलीकडं मिनामर्गपासून रस्ता सुधारतो आणि झाडं संपतात. इथं बरेच ड्रायव्हर उडवतात, कारण घाट सुटल्याचं वारं अंगात शिरतं. आमच्याकडंही पाटणचा उतार संपला की तेच. यानं वेग वाढवला, पण उगाच नाही. द्रासला स्मारकाशी तासभर थांबला. वेगळे पैसे मागितले नाहीत. भिंतीवरची नावं वाचताना तो आमच्या मागं टोपी काढून उभा होता. कारगिलला दुपारी 3 ला पोचलो.

वजा बाजू लिहून ठेवतो. मधल्या बाकाचे सीटबेल्ट सीट कव्हरखाली गाडलेले, खेचून काढावे लागले. काउंटरवरचा शब्द पाळत नाहीत, सीट नंबर कागदावर लिहून घ्या. घाईचं तिकीट असेल, त्याच दिवशीचं विमान वगैरे, तर ही गाडी घेऊ नका. वर किती थांबायचं हे पोलीस आणि नाला ठरवतात. लडाखमध्ये फिरायला तिथलीच गाडी करावी लागते, श्रीनगरच्या गाडीला स्थानिक फिरवण्याची परवानगी नाही, हेही आधी कुणी सांगत नाही.

चौथ्या दिवशी परतीला फोन करून हाच ड्रायव्हर मागितला. आला की पहिलं मागं जाऊन बघितलं. स्टेपनीला नक्षी होती. खूश होऊन म्हणलं, "नया डाला?" तो म्हणाला, "नया आगे डाला, अंकलजी. आगेवाला पीछे आ गया." पुढचं डावं चाक बघितलं, नवं कोरं. एक तारा तरी कापलाय, सीटबेल्टसाठी.