एल-३९ की जेट प्रोव्होस्ट?
गोव्यातल्या वास्कोचा आमचा भाचा अमेरिकेत खाजगी वैमानिक. आता त्याला जुनं लष्करी ट्रेनर (वैमानिकांना शिकवायचं) जेट उडवायचंय; एल-३९ की जेट प्रोव्होस्ट, हा प्रश्न. तिथे साधा परवाना पुरत नाही, जेटसाठी वेगळी मान्यता लागते.

माझं मत एल-३९ला. चेक बनावटीचं हे विमान १९६८ साली प्रथम उडालं. अमेरिकेत खाजगी हातांत बरीच आहेत, त्यामुळे शिकवणारेही सापडतात. मागची सीट उंच, गुरुजींना पुढचं दिसतं. खोड एकच: थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा) ढकलल्यावर इंजिन पूर्ण जोरात यायला काही सेकंद घेतं. उतरताना वेग घसरला की देव आठवतो!

ब्रिटिश जेट प्रोव्होस्टमध्ये शिक्षक शेजारी बसतो. दाबोळीला नौदलाची किरण विमानं पाहिलेल्यांना ही बैठक ओळखीची. वेग मात्र बेताचा. इजेक्शन सीटचे (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या सीटचे) धडे मात्र दोन्हीकडे घ्यायलाच हवेत.