गच्चीवरच्या रंगीत ढोबळीचे ३२,१४९ रुपये

गच्चीवर बाग लावून देणाऱ्या एका कंपनीनं मला कसं फसवलं ते सांगायचंय, पण आधी पैशांचं सांगते. चाचणीचा बियाणे संच ७९९ रुपये. 'फॅमिली टेरेस पॅकेज' १८,६०० रुपये. माती तपासणी आणि नोंदणी २,३५० रुपये. ठिबक आणि टायमर ४,७५० रुपये. माल परत खरेदीची अनामत ५,००० रुपये. शेवटी रोपं आजारी पडल्यावर त्यांचंच टॉनिक ६५० रुपये. एकूण ३२,१४९. एवढ्या पैशात मी गच्चीवर लाल-पिवळी ढोबळी मिरची आणि चेरी टोमॅटो पिकवणार होते. मिळाल्या बोटाएवढ्या वाकड्या हिरव्या मिरच्या आणि साधे लांबट टोमॅटो, तेही सगळे मिळून दोन पाट्या भरतील न भरतील.

जाहिरात कशी होती ते सांगत बसत नाही. तुमच्याही फोनवर येते. मागे हिरवीगार गच्ची, पुढे हातात टोपली घेऊन हसणारी बाई, खाली 'फक्त पहिल्या ५० कुटुंबांसाठी'. ते पन्नास कधीच भरत नाहीत.

'काकू, हाव सुटली असेल' असं पुतण्या म्हणाला. त्याला आणि सगळ्यांनाच सांगते, जुलै २०२३ आठवा. टोमॅटो शंभरी पार करून गेला होता, घरोघरी आमटीत कोकम पडत होतं. त्यानंतर ज्याच्या-त्याच्या मनात आलं होतं की चार कुंड्या आपल्याही असाव्यात. आणि टोमॅटो फ्रीजमध्ये उगवतो असं समजणारी बाई मी नव्हे. माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात वडिलांबरोबर वीस किलोच्या क्रेटवर बसून मी शाळेचा अभ्यास केलाय. म्हणूनच जास्त संताप येतो. माहीत नसलेला माणूस फसला तर लोक हळहळतात. माहीत असलेला फसला तर हसतात. माझा सख्खा भाऊ फोनवर पाच मिनिटं हसत होता.

यांची पद्धत अशी की पहिलं पाऊल खरं टाकायचं. ७९९ च्या संचातलं चेरी टोमॅटोचं बी आठवड्याच्या आत तरारून उगवलं. मिरचीला वेळ लागतो, तीही उगवली. मी खूश. नंतर कधीतरी पाकिटावरचं त्यांचं स्टिकर नखानं सोललं, तर खाली भलत्याच, चांगल्या नावाजलेल्या कंपनीचं मूळ पाकीट. म्हणजे दुकानातून चाळीस-पन्नास रुपयांची पाकिटं आणायची, वर आपलं नाव चिकटवायचं आणि गिऱ्हाईक पक्कं करायचं. स्टिकरखाली मूळ लेबल होतं म्हणून बी चांगलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. बियाण्याच्या पाकिटावर वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवणक्षमता, चाचणीची तारीख आणि मुदत हे सगळं छापलेलं असतं. टोमॅटोला उगवण किमान ७० टक्के लागते, मिरचीला ६०. चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने ते लेबल चालतं. हे नसेल तर पाकीट परत करा, भले त्यावर निळ्या ढोबळीचा फोटो असो. विशेषतः निळ्या ढोबळीचा फोटो असला तर.

मग पॅकेज. चोवीस ग्रो बॅगा, सोळांत रंगीत ढोबळी, आठांत चेरी टोमॅटो, 'रेडी रोपं'. हिशोब कंपनीच्या माणसानंच करून पाठवला होता. ढोबळीच्या एका झाडाला चार किलो, दर १२० रुपये, झाले ७,६८० रुपये. चेरी टोमॅटोच्या झाडाला तीन किलो, दर १८० रुपये, झाले ४,३२०. एका हंगामाचे बरोब्बर १२,०००, आणि माल कंपनी घरून उचलणार. बेरीज चोख होती. चोर बेरजेत कधी चुकत नाहीत.

आता तो दिवस. हे मी इतक्यांदा मनात घोळवलंय की झोपेतही दिसतं. टेम्पोतून दोन मुलं आली. बॅगा वर चढवल्या, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भिजवला, मिसळला. रोपांचा ट्रे एकच होता. एकच, काळा, प्लास्टिकचा. त्यातलं एक पोरगं खाली बसलं, खिशातून लाल आणि पिवळ्या टिकल्यांची पट्टी काढली आणि ट्रेमधल्या पहिल्या दोन ओळींतल्या काड्यांवर लाल, पुढच्या दोन ओळींतल्या काड्यांवर पिवळ्या चिकटवायला लागलं. माझ्या डोळ्यांसमोर. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. विचारलं, 'अरे, लाल कुठली, पिवळी कुठली, कसं ओळखतोस?' तर वर न बघता म्हणाला, 'सवयीनं, मॅडम.'

आणि मी त्याला चहाबरोबर खारी दिली!

पण थांबा. रोप लहान असताना लाल ढोबळी कुठली आणि पिवळी कुठली हे शेतकऱ्यालाही ओळखता येत नाही. दोन्हींची फळं आधी हिरवीच येतात, रंग शेवटी भरतो. म्हणून ट्रे नेहमी वेगळे ठेवतात, वर खूण करतात. हे मला माहीत होतं. मला वाटलं खूण पुसली असेल, त्याला कंपनीनं सांगितलं असेल. शिवाय पान. ढोबळीचं पान रुंद, गडद, जाडसर. या रोपांची पानं अरुंद होती, टोकाला निमुळती, साध्या तिखट मिरचीसारखी. तेही मी पाहिलं. पण समोर दोन पोरं घाम गाळून चोवीस बॅगा तीन मजले वर चढवतायत, लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही, पैसे आधीच दिलेत, अशा वेळी कोण पान हातात धरून वाद घालतं? आमच्या बाजूला असली रोपं रुपया-दीड रुपयाला मिळतात. बिलात माझ्या नावावर ८५ रुपयांना एक होतं. तेव्हा तरी ओरडायला हवं होतं असं वाचणाऱ्याला वाटेल. घरी बसून वाटतंच.

बिल. त्यावर १८ टक्के जीएसटी, बी आणि रोपांवरसुद्धा. पेरणीच्या बियाण्यावर आणि जिवंत रोपांवर जीएसटी नसतोच. जीएसटी नंबर १५ अंकाक्षरांचा असतो. त्यांचा मोजला तर १४. पत्ता पुण्याचा आणि सुरुवात ०७ नं, महाराष्ट्राचा तर २७ असतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकून नाव बघायला एक पैसा लागत नाही. तो पैसे देण्याआधीच टाकून बघा. यूपीआय करताना वर जे नाव येतं तेही वाचा. माझ्या स्क्रीनवर कंपनीचं नाही, कुणा एका माणसाचं नाव आलं होतं. विचारलं तर म्हणे 'आमचे अकाउंट्सचे सर आहेत'. सर!

पुढचं झाडांनीच सांगितलं. कोकोपीट न धुतलेलं, खारट. पानांच्या कडा आठवडाभरात जळायला लागल्या. 'प्रीमियम गांडूळखत' म्हणून जे पोतं होतं त्यात हात घातला तर रवाळ काही नाही, राखाडी भुकटी, त्यात काचेचे तुकडे आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा, त्यावर अर्धी छापील तारीख. खऱ्या गांडूळखताला पावसाच्या मातीचा वास येतो. याला कचराकुंडीचा येत होता. पाठोपाठ फुलकिडे पडले, शेंडे गोळा झाले, चुरडा-मुरडा. फोटो पाठवले. 'एक्स्पर्ट'नं दहा मिनिटांत टॉनिक सुचवलं, ६५० रुपये. रोप मरेपर्यंत त्यांचं दुकान चालूच. निंबोळी अर्क आणि निळे चिकट सापळे यात भागलं असतं, ते मी नंतर केलं. आणि फळ धरलं तेव्हा सोळाच्या सोळा बॅगांत लांब हिरवी मिरची. लाल टिकलीचीही, पिवळ्या टिकलीचीही. रंगीत ढोबळी आपल्याकडे बहुतेक पॉलिहाऊसमध्ये किंवा शेडनेटमध्ये घेतात, उघड्या गच्चीवर पुण्याच्या उन्हात फूल गळतं, हे सांगणारा तिथे कुणी नव्हता. सांगतील कशाला?

पैसे देईपर्यंत मी 'मॅडम' होते. तक्रार केल्यावर 'मावशी' झाले. 'मावशी, निसर्गाचं काही सांगता येत नाही.' त्यानंतर नंबर बंद.

आता कार्यालयांचं ऐका. पोलीस चौकीत बिल, फोटो, चॅटच्या छापील प्रती, सगळं फायलीत लावून नेलं. हवालदारांनी फाइल न उघडता विचारलं, 'माल मिळाला ना?' मिळाला. 'मग ही सिव्हिल मॅटर.' म्हटलं, साहेब, ढोबळी सांगून तिखट मिरची दिली. तर म्हणाले, 'ताई, आमच्याकडे लोकांचे पंचवीस-तीस लाख जातायत.' मागच्या टेबलवरून कुणीतरी 'मंडईत चांगल्या मिळतात' म्हणालं, आणि चौकी हसली. बत्तीस हजार रुपये हा कुणाचा तरी दोन महिन्यांचा पगार असतो, हे त्या हसण्यात कुणाला सुचलं नाही.

कृषी कार्यालयात गेले. बियाण्याच्या तक्रारीसाठी तालुक्याला समिती असते, पंचनामा होतो, हे माहेरी पाहिलेलं. खिडकीवरच्या बाबूंनी हात पुढे केला, 'सातबारा?' म्हटलं, गच्ची आहे. 'गच्चीचा सातबारा नसतो.' तेच तर मी सांगतेय! 'मग तुम्ही शेतकरी नाही, आमच्याकडे घेता येत नाही. आणि हे बी नाही, रोप आहे. टॅग आहे का? लॉट नंबर?' टॅग असता तर मी इथे आलेच नसते हो. घरचं प्रॉपर्टी कार्ड आणू का विचारलं, तर लक्षात आलं की तेही अजून बिल्डरच्या नावावर आहे, सोसायटीचं अभिहस्तांतरण व्हायचंय. म्हणजे माझी मिरची बिल्डरच्या जमिनीवर.

ग्राहक तक्रारीसाठी चौकशीला गेले तिथला प्रकार सगळ्यांत कडू. लेखनिकानं कागद वाचले आणि माल परत खरेदीच्या अटीवर बोट ठेवलं. 'तुम्ही माल विकणार होतात. म्हणजे व्यापारी हेतू. मग ग्राहक कशा?' ते ५,००० रुपयांचं अनामत कलम आठवलं आणि डोकंच फिरलं. लोकांना नफ्याचं आमिष दाखवायला घातलेली अट त्यांना कायद्यातूनही सोडवते. पोलिसांसाठी मी गिऱ्हाईक, कृषीसाठी मी शहरी बाई, ग्राहकवाल्यांसाठी मी व्यापारी. फसवणारा मात्र कुठल्याच टेबलवर कुणी नाही.

मी ऐकून परत आले नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वाचला. घरच्यापुरती बाग आणि उरलंसुरलं विकणं याला व्यापार म्हणायचं का, ते ग्राहक आयोग ठरवेल, खिडकीतला माणूस नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, दोन वर्षांची मुदत असते. ऑनलाइन दाखल केली आहे. तुम्हाला कुणी 'घेता येत नाही' म्हटलं तर 'लेखी द्या' म्हणा. कुणीच देत नाही, आणि आवाज खाली येतो. चौकीत मला हे सुचलं नव्हतं.

आणखी, पैसे गेल्याचं लक्षात येताच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा. त्याच दिवशी. मी झाडाला फळ धरायची वाट बघत बसले, तोवर ते खातं रिकामं झालेलं. ऑनलाइन पैशाला हंगाम नसतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ट्रे, टिकल्या, पोतं, पाकीट काही फेकू नका. माझ्याकडे लाल टिकली लावलेल्या काडीसकट वाळलेलं झाड आहे, कागदात गुंडाळून. आमचे हे रोज विचारतात, फेकू का. फेकलंत तर बघा.

रोपं हवीच असतील तर कृषी विद्यापीठाच्या किंवा माहितीतल्या रोपवाटिकेतून स्वतः जाऊन आणा. पान बघा. ढोबळी हवी असेल तर कॅलिफोर्निया वंडर हा जुना हिरवा वाण घ्या आणि रंगाचं स्वप्न सोडा. टोमॅटोला ऑक्टोबर चांगला.

परवा एक फोन आला. गोड बाई. 'मावशी, तुमची रिफंड केस मंजूर झाली आहे, ३२,१४९ रुपये, फक्त प्रोसेसिंगचे १,१८० भरा.' आकडा रुपयापर्यंत बरोबर, टॉनिकच्या ६५० सकट. म्हणजे माझी यादी अजून त्यांच्याच वहीत आहे आणि तीच माणसं दुसऱ्या नावानं बसली आहेत. मी म्हटलं, कापून घ्या त्यातूनच, उरलेले ३०,९६९ पाठवा. फोन ठेवला तिनं. नंबर १९३० वर कळवलाय, तक्रारीलाही जोडलाय. तुम्हालाही असा फोन आला तर आकडा ऐकून विरघळू नका, तो आकडा त्यांना माहीत असणारच.