सत्तर संकल्प की रोजचं आत्मपरीक्षण?

अमेरिकेतले ख्रिस्ती धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनी 1722-23 मध्ये, विशी गाठायच्या आत, स्वतःसाठी सत्तर संकल्प लिहिले. वेळेचा एक क्षणही वाया घालवायचा नाही, हा त्यातलाच एक. यादी दर आठवड्याला वाचायची, असं त्यांनी वरच नोंदवलं. त्याआधी कबुलीही दिली: देवाच्या साहाय्याशिवाय माझ्याच्याने काहीच होणार नाही. मला सत्तर संकल्पांपेक्षा ही कबुली मोलाची वाटते. ती गाळून यादी तेवढी उचलली, तर फेब्रुवारी उजाडेपर्यंत हाती अपराधीपणाच उरतो. माझ्या वहीत असं तीन वर्षं झालं.

जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस यांची रोजच्या आत्मपरीक्षणाची रीत उलट्या टोकाने सुरू होते. आधी आभार, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाशाची मागणी, मग दिवसाची उजळणी, क्षमा, आणि शेवटी उद्यासाठी निश्चय. एखादा ठरावीक दोष घालवायचा असेल, तर ते कागदावर दिवसाच्या दोन ओळी आखायला सांगतात. दुपारी आणि रात्री, जितक्यांदा चुकलो तितके ठिपके. मी रागासाठी हे करून पाहिलं. पहिल्या दुपारी सहा ठिपके, तेही बहुतेक आईशी बोलताना पडलेले.

एडवर्ड्सही सदतिसाव्या संकल्पात रोज रात्री स्वतःची झडती घेतात. पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी इग्नेशियस यांचीच वाट सुचवेन. तिथे पहिलं वाक्य आभाराचं असतं.